निकडीचं माप

काचेवर बोट ठेवलं की खालून हिरवा उजेड येई आणि नखाभोवतीची कातडी क्षणभर कच्च्या पेरूसारखी दिसे. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक रेष चालू लागे. रेष वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. इतरांच्या बाबतीत दोन टोकांमधलं अंतर बघता बघता आखूड होत जाई. पद्मजा तेरदाळेच्या बाबतीत ते कधीच बदलत नसे. शिलाई मशीनवर एकाच मापाची टीप मारत जावी, तशी तिची रेष या कडेपासून त्या कडेपर्यंत जाई.

मग अक्षरं उमटत : आजचे सेवाशुल्क किमान.

रांगेत मागे उभं असलेलं कुणीतरी म्हणे, "काकूंना बघून एटीएमपण शहाण्यासारखं वागतंय."

हिरवा दिवा मुळात चोरांसाठी बसवला होता. बोटांच्या ठशांच्या रबरी नकला करून लोकांची खाती रिकामी केली जाऊ लागली, तेव्हा काचेवरचं बोट जिवंत आहे की नाही हे ओळखणं भाग पडलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बोटाच्या टोकाला थोडं जास्त रक्त येतं, आणि रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. त्यामुळे बोटावरून परत फिरणारा उजेड ठोक्यागणिक कमीजास्त होतो. रबराच्या बोटात तसं काही होत नाही. काम इतकंच होतं.

पण ठोके मोजायला लागल्यावर यंत्र चालवणाऱ्या कंपनीतल्या कुणाच्या तरी लक्षात आलं, की पडद्यावर सेवाशुल्काचा आकडा दिसल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात काही माणसांचे ठोके चढतात. अशी माणसं शुल्क कितीही सांगितलं तरी पैसे काढल्याशिवाय जात नाहीत. ठोके किती आहेत याला महत्त्व नव्हतं. ते कुठल्या बाजूला चाललेत याला होतं. धावत आलेल्या माणसाचे ठोके उभं राहिल्यावर उतरत जातात. घाबरलेल्याचे उभ्या जागी चढतात. या चढाला कंपनीनं निकडीचा निर्देशांक असं नाव दिलं आणि शुल्क त्याला बांधून टाकलं. ज्याची रेष जास्त चढेल, त्याला जास्त शुल्क.

इचलकरंजीच्या कुंभोजे गल्लीत हे सगळ्यांना अनुभवानं कळलं. घरात कुणी वारलं त्या दिवशी शुल्क चौपट लागे. पगार फोनवर येत, पण भिशी रोखीत चाले, आठवडी बाजार रोखीत चाले, आणि घरात ज्याचा पत्ता लागू द्यायचा नाही तो खर्चही रोखीतच. बँकांनी कुटुंब खाती सुरू केल्यापासून तर बायकोनं बाहेर चहा प्यायला तरी नवऱ्याच्या फोनवर निरोप जाई. नोटांची गरज पूर्वीपेक्षा वाढलीच होती, विशेषतः बायकांना.

पद्मजाची रेष चढत नसे, कारण तिला चढायला मुभाच नव्हती. लेकीच्या, नमिताच्या, वेळच्या बाळंतपणानंतर आलेल्या तापात तिच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा विजेचा इशारा कायमचा अडला. तेव्हापासून गळ्याच्या हाडाखाली बसवलेली एक चपटी डबी, पेसमेकर, तिच्या हृदयाला मिनिटाला साठ ठोके देई. झोपेत साठ, जिन्यावर साठ, भांडणात साठ. जिना चढताना तिला दम लागे आणि ती मधल्या पायरीवर, खालच्या नळाची तोटी गळतेय का बघत असल्यासारखी, थांबे.

सांगलीच्या डॉक्टर बिरनाळे तिला दोन वर्षं सांगत होत्या. डॉक्टर वयानं नमितापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या.

"काकू, बॅटरी संपत आलीय. आता बदलताना नवी डबी घेऊ. हृदयाचा स्नायू किती जोरानं आवळतोय हे तिला कळतं. जिना चढलात, चिडलात, घाबरलात की स्नायू जोरात आवळतो, आणि ही ठोके वाढवते. सगळ्यांसारखं."

"बघू पुढच्या खेपेला," पद्मजा म्हणे.

ही पुढची खेप गल्लीमुळे पुढे जात होती. दुपारी लोक तिच्या खात्यावर पैसे पाठवत. साड्यांचं फॉल-पिको उरकलं की पाचच्या सुमाराला ती यंत्रावर जाई, सगळ्यांचे एकदम काढी आणि येताना घरोघर देत येई. लोक तिला आधी बसायला पाट देत. कुणी आपलं शिलाईचं काम दुसरीकडे नेत नसे.

"पद्माताई, ती नवी डबी तेवढी बसवू नका बघा," समोरच्या शोभाक्का म्हणत. "गल्ली बुडंल." म्हणताना त्या हसत, पण उत्तर मिळेपर्यंत दारातून हलत नसत.

अजित, तिचा नवरा, मागांच्या कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले माग त्याच्या हाताला वश होत. तोही म्हणे, "बॅटरी आहे न्हवं अजून? मग घाई कशाला?" पद्मजाला ते खोटं वाटत नसे. आपल्या आजाराचा कुणाला उपयोग होतो, हे सुख तिनं आयुष्यात पहिल्यांदा चाखलं होतं.

मग कायदा झाला.

रोख काढण्याच्या शुल्कावर मर्यादा आली. शुल्क सगळ्यांना सारखं, आणि ठरलेल्या आकड्याच्या वर नाही. टीव्हीवर ग्राहक संघटनेच्या बाई बोलताना रडल्या. चौकात पेढे वाटले गेले. शोभाक्कांनी एक पेढा पद्मजाच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "सुटलात बघा तुम्हीपण." त्या दुपारी पद्मजाच्या खात्यावर कुणाचेच पैसे आले नाहीत. तिला बरं वाटायला हवं होतं. तिनं पाचच्या सुमाराला उगीचच चप्पल घातली आणि पुन्हा काढून ठेवली.

कायद्यात आणखी एक कलम होतं. ते घालणाऱ्याचा हेतू चांगला असावा. यंत्रात रोकड अपुरी असेल तेव्हा ज्याला खरी निकड आहे त्याला प्राधान्य द्यावं, असं ते कलम होतं. शुल्क घटल्यावर कंपनीनं यंत्र रोज भरणं बंद केलं आणि आठवड्यातून एकदा, गुरुवारी, भरायला सुरुवात केली. म्हणजे रोकड कायमच अपुरी. निकड मोजायची सोय तर यंत्रात आधीपासून होतीच. जे माप कालपर्यंत लुटण्यासाठी होतं, तेच आता न्यायासाठी वापरलं जाऊ लागलं. ज्याची रेष चढेल त्याला नोटा, बाकीच्यांनी गुरुवारी यावं.

पहिले काही दिवस लोक पळत पळत येऊन बोट ठेवत. उभं राहिलं की त्यांचे ठोके उतरत आणि यंत्र त्यांना परत पाठवी. मग लोक रांगेत उभे राहून भीतीदायक काहीतरी आठवू लागले.

"मी सासूबाईंचा चेहरा आठवते," शोभाक्का म्हणाल्या. "जमलं एकदा. दुसऱ्यांदा हसूच आलं."

आणि अशा वेळी गल्लीला भूपाल आवटींचा शोध लागला.

भूपाल कापडाच्या घडीखात्यातून निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मुलगा चाकणला. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा, गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेतून परतणारा माणूस. त्यांच्या या स्वभावावर गल्ली वर्षानुवर्षं हसत आली होती. आता पडद्यावर नुसतं "कृपया थांबा" आलं तरी त्यांची रेष चढे आणि यंत्र नोटा देई. लोक त्यांच्या खात्यावर पैसे पाठवू लागले. भूपाल इस्त्रीचा शर्ट घालून यंत्रावर जाऊ लागले. पाट आता त्यांना मिळू लागला.

पण तोच धक्का पुन्हा पुन्हा बसला की शरीर त्याला सरावतं. महिन्याभरात भूपालांची रेष आडवी व्हायला लागली. तेव्हा कुणीतरी गमतीनं म्हणालं, "भूपालदा, चाकणला माणसं कमी करायला लागलेत म्हणं. तुमच्या संजीवचं काय?" भूपाल गेले, बोट ठेवलं, नोटा आल्या. त्यानंतर ती गंमत उरली नाही. रोज दुपारी कुणीतरी त्यांच्या दारात एखादी बातमी घेऊन जाई. पूल पडल्याची, साथ आल्याची, पेन्शन बंद होणार असल्याची. पद्मजा खिडकीतून बघे. तिला वाटे, काहीतरी बोलायला हवं. मग वाटे, आपला पाट गेला म्हणून बोलते असं म्हणतील. ती मशीनचं चाक फिरवत राही.

नमिता आली तो सोमवार होता. मावसभावाच्या मुलाचं बारसं म्हणून जयसिंगपूरच्या सासरहून एका दिवसासाठी आली होती. आल्या आल्या ती साड्यांच्या ढिगावर बसली, लहानपणी बसायची तशी.

"आई, मी परत जाणार नाही."

पद्मजानं दोरा दातानं तोडला. "मारतो?"

"मारत नाही. नुसता बघतो. केळी घेतली तर विचारतो, केळी कशाला. बसचं तिकीट काढलं तर विचारतो, चालत का नाही गेलीस. दिवसभर त्याच्या फोनवर मी टणटणत असते." तिनं फोन पालथा ठेवला. "बंगळूरला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम मिळालंय. संध्याकाळची गाडी आहे. फोन इथंच सोडून जाणार. हातात नोटा पाहिजेत, माझं नवीन खातं उघडेपर्यंत. एक महिना धर."

"आजच?"

"आज नाही गेले तर उद्या तो न्यायला येईल. मी त्याला नाही म्हणू शकत नाही आई. समोर आला की माझ्या तोंडातून हो निघतं. मला माहितीय."

गल्लीत उसने मागता आले असते. पण शोभाक्कांचं माहेर जयसिंगपूरचं. संध्याकाळच्या आत बातमी तिकडे पोचली असती.

पद्मजा आणि अजित यंत्रावर गेले. आधी अजितनं बोट ठेवलं. तो रक्तदाबासाठी ज्या गोळ्या घेई, त्या ठोके वाढू देत नाहीत. गल्लीतल्या निम्म्या पुरुषांची हीच गत होती. त्याची रेष जराशी हलली आणि थांबली. यंत्र म्हणालं, आपली निकड तातडीची आढळली नाही. कृपया गुरुवारी या.

मग पद्मजानं बोट ठेवलं.

तिनं मुद्दाम काही आठवलं नाही. आठवायची गरजच नव्हती. जावई दारात उभा आहे आणि नमिता हो म्हणत चपला घालते आहे, हे तिला समोर दिसत होतं. तिचं तोंड कोरडं पडलं, मानेवर घाम आला. पडद्यावरची रेष टिपेसारखी सरळ चालली होती. घामाकडे आणि आकसलेल्या नसांकडेही यंत्र बघत असे, पण उन्हाळा-हिवाळ्यानं ती खूण फसवी होते, म्हणून सगळा भर नाडीवर.

"जरा घाबर की," अजित मागून हळू आवाजात म्हणाला.

"घाबरलेय."

"दिसत नाही."

आपली निकड तातडीची आढळली नाही.

"दुसरं बोट ठेव."

तिनं दुसरं ठेवलं. मग डाव्या हाताचं. मागचा माणूस खाकरला. अजित रस्त्याकडे बघत म्हणाला, "तुझं पहिल्यापासून असंच आहे. आई गेली तेव्हासुद्धा तू पोळ्या लाटत होतीस." त्याला रागानं बोलायचं नव्हतं. तो नुसता थकला होता. पण पद्मजा घरी येईपर्यंत तेच घोळवत राहिली, आणि वाटेत तिला स्वतःबद्दलच शंका आली. इतक्या वर्षांत आपण खरंच घाबरलो होतो, की नुसतं घाबरायला पाहिजे असं वाटत होतं?

चार वाजले होते. ती भूपालांकडे गेली.

भूपाल खाटेवर बसून शेंगा सोलत होते. तिला बघून उठले, स्वतःच पाट सरकवला. चेहरा असा मोकळा तिनं कधी पाहिला नव्हता.

"वहिनी, संजीवचा फोन आला होता सकाळीच. पर्मनंट झाला. पत्र दाखवलं त्यानं फोनवर, शिक्क्यासकट. आता कोण काय सांगायचं ते सांगू दे." त्यांनी तिच्या पुढे शेंगा केल्या. "सकाळी शोभा येऊन गेली. म्हटलं, बाई, आज जमायचं नाही. आज मला बरं वाटतंय."

पद्मजानं एक शेंग घेतली आणि हातात धरून ठेवली.

उठून जावं असं तिला वाटलं. बाहेर रिक्षाचा आवाज झाला आणि तिला जावयाची गाडी वाटली.

"भूपालभावजी," ती म्हणाली, "नमिताला सायकल तुम्ही शिकवली."

"मग. सबंध मे महिना मागनं पळालोय तिच्या. अजून गुडघा दुखतोय. का हो?"

तिनं सांगितलं. काही वाढवलं नाही, काही वगळलं नाही. केळ्यांचं सांगितलं, टणटणत असण्याचं सांगितलं, उद्या तो आला की ती हो म्हणेल हेही सांगितलं. सांगताना तिचा आवाज सरळ होता, त्याचा तिलाच राग आला. भूपालांचा सोललेल्या शेंगांवरचा हात थांबला. मग अंगठा तर्जनीवर घासायला लागला, सावकाश, मग भरभर. त्यांची कानशिलं लाल झाली.

"आणि मध्येच गाडी अडवली तर त्यानं?" ते म्हणाले.

हे पद्मजाच्या मनातही आलं नव्हतं.

"चला," भूपाल म्हणाले. शर्ट बदलायला ते थांबले नाहीत. कुलूप एकदाच ओढलं.

काचेवर त्यांनी बोट ठेवलं आणि रेष चढू लागली. टोकं एकमेकांना भिडायला आली. पद्मजा बाजूला उभी राहून बघत होती. पोरीसाठी वाटणारी भीती पडद्यावर अशी दिसते तर. एका परक्या माणसाच्या बोटातून ती इतकी स्वच्छ दिसत होती, की तिला मान वळवावी लागली.

यंत्रानं नोटा दिल्या.

भूपाल यंत्राच्या पायरीवर बसले. छातीवर तळवा ठेवून म्हणाले, "तिला गाडीत बसवलं की मला फोन करा. नको, फोन नको. दार वाजवा."

गाडी सुटली तेव्हा अजून उजेड होता. नमितानं खिडकीतून हात हलवला नाही, नुसतं बघितलं. पद्मजा परत येऊन भूपालांचं दार वाजवायला गेली. दार उघडंच होतं. शेंगा तशाच पडल्या होत्या.

"गेली?"

"गेली."

"पोचली का?"

"अजून कशी पोचेल भावजी. सकाळी."

"मग मी बसतो," ते म्हणाले. "तुम्ही झोपा. मला नाहीतरी आता झोप यायची नाही." अंगठा अजून तर्जनीवर घासत होता. संजीवच्या पत्राचं ते काही बोलले नाहीत.

सकाळी पोचल्याचा निरोप आला, नमिताच्या मैत्रिणीच्या फोनवरून. पद्मजानं तो ताबडतोब भूपालांना जाऊन सांगितला. त्यांनी मान हलवली. दुपारी ते पुन्हा विचारायला आले. संध्याकाळी पुन्हा. एकदा चालू झालेलं त्यांच्यात थांबत नव्हतं.

आणि तिसऱ्या दिवशी शोभाक्का पिकोला साडी घेऊन आल्या. साडी मशीनवर ठेवली आणि जवळ सरकल्या.

"परवा भूपालदांची रेष लई वर गेली म्हणं. मागं उभा होता त्यानं सांगितलं. आमच्यानं तर आता काय होईना. काल पूर आला म्हटलं, तर नुसतं हं म्हणाले." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही काय सांगितलं हो त्यांना?"

"काही नाही."

"सांगा की. आमच्यापण उपयोगी पडंल."

पद्मजानं साडीची किनार सुईखाली धरली. तिचे हात स्थिर होते. शोभाक्का बराच वेळ वाट बघून गेल्या. जाताना त्या भूपालांच्या दारापाशी थांबलेल्या तिला दिसल्या.

त्याच आठवड्यात ती अजितला घेऊन सांगलीला गेली. डॉक्टर बिरनाळेंनी हृदयाची सोनोग्राफी केली, करता करता रक्त तपासायला सुई टोचावी लागेल म्हणाल्या. पडद्यावर करडं, ओलसर असं काहीतरी उघडमीट करत होतं.

"डॉक्टर, एक विचारू? मी घाबरते का?"

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "आत्ता सुईचं नाव काढलं तेव्हा बघा. हा स्नायू. केवढ्या जोरानं आवळतोय. घाबरल्यावर रक्तात जे येतं ते तुमच्या रक्तातही येतं काकू, सगळं येतं. हृदय पिळवटून निघतं. फक्त डबी साठच्या वर जात नाही, म्हणून बाहेर दिसत नाही."

अजित पडद्याकडे बघत होता. मग त्यानं पद्मजाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"आता आणखी थांबता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "महिन्याभरात बदलावीच लागेल. जुन्या पद्धतीची डबीही मिळेल, हवी असेल तर. कुठली ते तुम्ही सांगायचं."

"जुनीच बरी न्हवं?" अजित हळूच म्हणाला. "नव्या डबीचं गल्लीत कळलं तर हिच्याकडंपण येतील सगळे. भूपालकडं जातात तसे." त्यात आता कुठलाही हिशेब नव्हता. त्याला ते खरोखरच दिसत होतं.

पद्मजालाही दिसत होतं. दुपारी दारात शोभाक्का, ओठांवर बंगळूरची काहीतरी बातमी. ती खरी की खोटी हे कळायच्या आत आपली छाती धडधडायला लागलेली. त्यातून सुटायची वाट तिला सापडत नव्हती. दुसऱ्या बाजूला भूपाल होते, अंधारात न झोपता बसलेले, तिच्या लेकीसाठी.

"काकू?"

"नवी बसवा," पद्मजा म्हणाली. "माझ्या वाटणीचं मीच घाबरते."